घट, घटमाला आणि विषम झीज : विजेच्या गोल्फगाडीतील उपकरणांच्या वीजपुरवठ्याचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

विजेवर चालणाऱ्या गोल्फगाडीस दिवे, भोंगा, रेडिओ यांसारखी उपकरणे जोडावयाची झाल्यास त्यांना लागणारी वीज गाडीच्या बॅटऱ्यांतून कशी घ्यावी, हा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ कारागिराच्या कक्षेतील वाटतो. भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे, याचे वाचकांस नवल वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ह्या लहानशा प्रश्नामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. आणि त्या इतिहासात एका शब्दाच्या अर्थाची संदिग्धता सतत वावरत आली आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ती संदिग्धता कोणती, व तिचा व्यवहारावर कितपत परिणाम झाला, हे पाहणे हा ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेत रूढ झालेल्या गोल्फगाडीत दीर्घकाळ ६ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या एकसर जोडलेल्या असत. म्हणजे एकीचे ऋण टोक दुसरीच्या धन टोकास, दुसरीचे तिसरीच्या, याप्रमाणे. सहा मिळून ३६ व्होल्टचा दाब मिळे व त्यावर गाडीची मोटर चाले. बाजारात मिळणारे दिवे, भोंगे व रेडिओ मात्र मोटारगाड्यांसाठी बनविलेले, म्हणजे १२ व्होल्टचे असत. आता शेजारच्या कोणत्याही दोन बॅटऱ्यांचा दाब मिळून १२ व्होल्टच भरतो. त्या दोहोंच्या बाहेरच्या टोकांना दोन तारा जोडल्या की दिवा लागतो. ह्याहून सोपा व ह्याहून स्वस्त उपाय नाही. परंतु काही काळाने असे आढळते की, त्या दोन बॅटऱ्या इतर चारींच्या आधी बसल्या, आणि त्यांच्यामागोमाग उरलेल्या चारीही. दोघींवर टाकलेल्या ओझ्याची किंमत सहांना मोजावी लागते. असे का होते, आणि हे ठाऊक असूनही तो उपाय इतकी वर्षे का टिकून राहिला, हे दोन प्रश्न येथे विचारात घ्यावयाचे आहेत.

२. शब्दाचा इतिहास

'बॅटरी' हा शब्द विद्युच्छास्त्रात तोफखान्यातून आला. मूळ लॅटिन धातूचा अर्थ 'मारणे, ठोकणे' असा. त्यावरून फ्रेंच भाषेत एकत्र मारा करणाऱ्या तोफांच्या ताफ्यास जे नाव मिळाले, तेच इंग्रजीने उचलले. बेंजामिन फ्रँकलिन याने १७४९ मध्ये पीटर कॉलिन्सन यास लिहिलेल्या पत्रात शिशाचे पत्रे चिकटवलेल्या अकरा काचेच्या तावदानांच्या संचास हे नाव दिले. तोफा जशा एकत्र डागल्या जातात, तशी ही तावदाने एकत्र रिकामी होत. म्हणजे ह्या शब्दाचा आरंभीचा अर्थ निःसंशय समूहवाचक होता. एका तोफेस कोणी 'बॅटरी' म्हणत नसे, तसेच एका तावदानासही नाही.

२० मार्च १८०० रोजी व्होल्टा याने कोमोहून जोसेफ बँक्स यास पाठविलेल्या प्रसिद्ध पत्रात दोन रचनांचे वर्णन केले : एक, धातूंच्या चकत्यांची उतरंड, आणि दुसरी, खाऱ्या पाण्याने भरलेल्या चषकांचे कडे. फ्रेंच व इटालियन ह्या भाषांनी पहिल्या रचनेवरून 'रास' ह्या अर्थाचा शब्द उचलला व तो आजही त्या भाषांत चालतो. इंग्रजीने फ्रँकलिनचाच शब्द पुढे चालविला आणि एकेका घटकास 'लहान खोली' ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून 'सेल' म्हटले. येथपर्यंत व्यवस्था निर्दोष होती : सेल म्हणजे अवयव, बॅटरी म्हणजे अवयवी.

गोंधळ झाला तो पुढे. अनेक सेल एका पेटीत बंद करून विकले जाऊ लागले, तेव्हा त्या पेटीस 'बॅटरी' म्हणणे योग्यच होते. ६ व्होल्टच्या शिसे-अम्ल बॅटरीत २ व्होल्टचे तीन सेल असतात. परंतु पेटी एकसंध दिसते, एक वस्तू म्हणून विकत मिळते, एकटी बदलता येते. त्यामुळे शब्दातील समूहाचा भाव लोपला व 'बॅटरी' ही एक सुटी वस्तू झाली. मग अशा सहा पेट्या जोडल्या की त्या पुन्हा मिळून एक 'बॅटरी' होतात. म्हणजे सेल, पेटी आणि संपूर्ण संच अशा तीन पायऱ्या असताना वरच्या दोन पायऱ्यांना एकच शब्द राहिला. 'बॅटरी उतरली' असे म्हटले असता एक पेटी उतरली की सहांचा संच, हे केवळ वाक्यावरून सांगता येत नाही.

मराठीची स्थिती या बाबतीत लक्षात घेण्याजोगी आहे. बोलीत 'बॅटरी' म्हणजे विजेरी, आणि तिच्यात घालावयाचे ते 'सेल'. 'बॅटरीत दोन सेल घाल' असे आपल्याकडील लहान मूलही म्हणते. इंग्रजी भाषक त्याच सुट्या सेलला बॅटरी म्हणतो. मराठीतला हा भेद शास्त्रदृष्ट्या अचूक आहे असे नव्हे, कारण येथे बॅटरी म्हणजे दिव्यासकट सारे नळकांडे. तथापि अवयव आणि अवयवी यांना दोन निरनिराळे शब्द राहिले, हे महत्त्वाचे. ग्रांथिक परिभाषेने तर 'विद्युत् घट' व 'विद्युत् घटमाला' अशी स्वच्छ जोडी सिद्ध केली आहे. 'माला' ह्या शब्दाने समूह तर सुचतोच, पण त्यांची एकामागून एक झालेली गुंफणही सुचते.

मात्र ह्या शब्दाचा मोह अधिक वाढू देणे इष्ट नाही. घटमाला म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रहाट उभा राहतो. आणि 'रहाट' हा शब्द संस्कृत 'अरघट्ट' व प्राकृत 'अरहट्ट' यांतून आलेला असल्याने हे चित्र आपल्या भाषेत जुनेच आहे. परंतु रहाटाच्या माळेतील एक गाडगे फुटले तर बाकीची गाडगी पाणी आणीतच राहतात. विद्युत् घटमालेचे तसे नाही. तिचे साम्य रहाटाशी नसून गणपतीच्या मखरावर सोडलेल्या दिव्यांच्या जुन्या माळेशी आहे : एक दिवा गेला की सारी माळ अंधारते. एकसर जोडणीत प्रत्येक घटातून तोच प्रवाह वाहतो. म्हणून सर्वांत दुर्बल घटाची मर्यादा हीच साऱ्या मालेची मर्यादा होय.

३. पूर्वपीठिका

मालेच्या एका भागावर अधिक भार टाकण्याचा प्रश्न गोल्फगाडीने प्रथम उपस्थित केला असे नाही. गास्ताँ प्लाँते याने १८५९ मध्ये शिसे-अम्ल घट शोधला व १८८१ मध्ये कामीय फोर याने लेप दिलेल्या पट्टिकांची रीत काढल्यावर तो व्यापारी उपयोगाचा झाला. वीजकेंद्रांतून अशा घटांच्या मोठ्या माला बसविण्यात येऊ लागल्या. तेथे अडचण अशी की, घट रिकामा होत जातो तसा त्याचा दाब २.१ व्होल्टपासून सुमारे १.८ व्होल्टपर्यंत उतरतो. ११० व्होल्टचा दाब कायम राखावयाचा तर आरंभी ५२-५३ घट पुरत, शेवटी ६१-६२ लागत. म्हणून मालेच्या टोकाचे काही घट एका फिरत्या खटक्याने एकेक करून आत घेतले जात. हे टोकाचे घट उशिरा कामास लागत, म्हणून कमी रिकामे होत. उलट प्रभारणाच्या वेळी लवकर भरत. ते वेळीच बाहेर काढले नाहीत, तर त्यांचे अतिप्रभारण होई. म्हणजे ज्यांनी कमी काम केले, त्यांनाही विषमतेचा उपसर्ग पोचतच होता. फरक इतकाच की, तेथे हिशोब ठेवण्यास व खटका फिरविण्यास माणूस नेमलेला होता.

दुसरा दाखला तीन तारांच्या पद्धतीचा. १८८२ मध्ये इंग्लंडात जॉन हॉपकिन्सन व अमेरिकेत एडिसन यांनी स्वतंत्रपणे ही पद्धत मांडली. दोन जनित्रे एकसर जोडून बाहेरच्या दोन तारांत २२० व्होल्ट व मधल्या तारेच्या दोन्ही अंगांस ११० व्होल्ट मिळवावयाचे, अशी तिची योजना. तांब्याची निम्म्याहून अधिक बचत झाली. परंतु एका अंगावर गिऱ्हाइके अधिक व दुसऱ्यावर कमी झाली की तोल ढळे. त्यासाठी दोन्ही अंगांत गिऱ्हाइके काळजीपूर्वक वाटली जात, आणि शिवाय परस्परांस जोडलेली दोन यंत्रे बसवून हलक्या अंगाकडील शक्ती जड अंगाकडे वळविण्यात येई. मधून वीज घ्यावयाची असेल तर तोल राखण्याची स्वतंत्र तजवीज पाहिजे, हे तत्त्व येथे पूर्णपणे ओळखले गेलेले दिसते. पुढे २४ व्होल्टच्या मालमोटारींतून १२ व्होल्टचे रेडिओ चालविण्यासाठी जी समतोलक उपकरणे निघाली, त्यांचे कूळ हेच.

तिसरा दाखला १९२० नंतरच्या दशकातील रेडिओचा. त्या काळच्या ग्राहकयंत्रात निर्वात नळ्यांसाठी उच्च दाबाची, सुक्या घटांची माला लागे. काही नळ्यांना तिचा पूर्ण दाब हवा असे, तर एखादीस कमी. म्हणून मालेच्या मध्यातून तार काढलेली असे. साहजिकच खालच्या खंडातून दोन्हींचा प्रवाह वाहे व तो खंड आधी संपे. परंतु सुका घट एकदा संपला की फेकावयाचाच असतो. विषमतेचा तोटा एवढाच की, एक खंड जरा लवकर विकत आणावा लागे. पुन्हा पुन्हा भरावयाच्या घटांत मात्र आजची विषमता उद्याच्या प्रभारणात शिरते आणि परवाच्या उपशात वाढते. दोन प्रकारांतील हा भेद ध्यानात घेतल्यावाचून गोल्फगाडीतील हानीचे स्वरूप उमगत नाही.

४. गोल्फगाडी आणि बारा व्होल्ट

फ्लोरिडातील क्लिअरवॉटर येथील लायमन बीचर याने १९३२ मध्ये स्वतःसाठी विजेची गाडी बनविली, हा ह्या वाहनाचा पहिला ज्ञात प्रयत्न समजला जातो. व्यापारी उत्पादन मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरचे. कॅलिफोर्नियात मर्ल विल्यम्स याच्या मार्केटियर कंपनीने १९५१ मध्ये विजेच्या गोल्फगाड्या काढल्या. १९५४ मध्ये जॉर्जियातील ऑगस्टा येथे ईझी-गो ही कंपनी निघाली. अठरा खळग्यांचा एक डाव पुरा करून संध्याकाळी छपराखाली परतावयाचे आणि रात्रभर प्रभारणास लावून ठेवावयाचे, एवढीच ह्या गाडीची दिनचर्या होती. तिला दिव्यांची गरज नव्हती. म्हणून दिव्यांसाठी वीज कोठून घ्यावी, ह्याचा विचार तिच्या मूळ रचनेत आढळत नाही.

याच सुमारास, १९५० नंतरच्या दशकात, अमेरिकी मोटारगाड्यांनी ६ व्होल्ट सोडून १२ व्होल्टची पद्धत स्वीकारली. येथे एक योगायोग घडला. गोल्फगाडीने ६ व्होल्टची पेटी ठेवली आणि उपकरणांचा बाजार १२ व्होल्टचा झाला. दोन पेट्या म्हणजे एक मोटारगाडी, असे समीकरण आपोआप सिद्ध झाले. हा योगायोग किती निर्णायक होता, हे पुढील काळातील एका उदाहरणावरून दिसते. १९९० नंतरच्या दशकात ४८ व्होल्टच्या गाड्यांचा प्रसार झाला व त्यांतील पुष्कळांत ८ व्होल्टच्या सहा पेट्या असत. आठाच्या पाढ्यात बारा येत नाही. तरीही लोकांनी दोन पेट्यांवरून १६ व्होल्ट घेऊन १२ व्होल्टचे दिवे लावलेच. दिवे अधिक प्रखर लागत व लवकर जळत. समीकरण मोडले, पण सवय राहिली.

दिव्यांची गरज उत्पन्न झाली ती गाडी मैदानाबाहेर पडल्यामुळे. १ जानेवारी १९६० रोजी ॲरिझोनात सन सिटी ही निवृत्तांची वसाहत सुरू झाली. जॉर्जियातील पीचट्री सिटी हे १९५९ मध्ये स्थापन झालेले नगर तर आज अशा गाड्यांसाठी बांधलेल्या, सुमारे १६० किलोमीटर लांबीच्या मार्गांसाठी ओळखले जाते. अशा ठिकाणी ही गाडी बाजारहाटाची, शेजारीपाजारी जाण्याची, संध्याकाळनंतर परतण्याची गाडी झाली. १९९८ मध्ये अमेरिकेच्या संघीय वाहतूक-सुरक्षा खात्याने ताशी २० ते २५ मैल वेगाच्या चारचाकी वाहनांचा 'मंदगती वाहन' असा स्वतंत्र वर्ग करून त्यांना पुढचे दिवे, मागचे दिवे, थांबण्याचे व वळण्याचे दिवे सक्तीचे केले. नेहमीची गोल्फगाडी ताशी २० मैलांच्या आतली असल्याने ह्या वर्गाबाहेर राहिली. परंतु तिचा वेग वाढवून ती रस्त्यावर आणू पाहणाऱ्यास दिवे ही आता हौस उरली नाही.

५. विषम झिजेची क्रिया

आता हानी कशी होते ते आकड्यांनी पाहू. गोल्फगाडीतील ६ व्होल्टच्या चांगल्या पेटीची धारणशक्ती सुमारे २२५ अँपिअर-तास असते. समजा, दिवसभरात मोटरीने प्रत्येक पेटीतून ९० अँपिअर-तास घेतले. संध्याकाळी दिवे व रेडिओ मिळून १२० वॉटचा भार तीन तास चालला. तो दोन पेट्यांवर टाकल्यास १२ व्होल्टला १० अँपिअर, म्हणजे तीन तासांत ३० अँपिअर-तास होतात. अर्थात त्या दोघींतून १२० अँपिअर-तास गेले, शक्तीच्या ५३ टक्के. इतर चारींतून ९०, म्हणजे ४० टक्के. शिसे-अम्ल बॅटरी नित्य निम्म्याहून अधिक रिकामी होऊ नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. चौघी त्या मर्यादेच्या आत आहेत, दोघी बाहेर.

खरी हानी रात्री होते. प्रभारकयंत्र सहांच्या मालेस जोडलेले असते व ते एकूण दाब पाहते. प्रत्येक पेटीत काय चालले आहे, हे त्याला कळत नाही. सर्वांतून एकच प्रवाह जात असल्यामुळे चौघी भरतात तेव्हा दोघी सुमारे ३० अँपिअर-तास मागे असतात. येथे यंत्र थांबले तर दोघी अपुऱ्या भरलेल्या राहतात. त्यांच्या पट्टिकांवर शिशाच्या गंधकाम्लजन्य क्षाराचे स्फटिक घट्ट होत जातात व धारणशक्ती कायमची घटते. यंत्र पुढे चालू राहिले तर भरलेल्या चौघींत पाण्याचे विघटन होते. एका अँपिअर-तासास प्रत्येक घटामागे सुमारे ०.३४ ग्रॅम पाणी जाते. चार पेट्यांत बारा घट, तेव्हा ३० अँपिअर-तासांना १२० ग्रॅमच्या आसपास पाणी एका रात्रीत उडते, आणि धन पट्टिकांच्या जाळ्या झिजतात त्या निराळ्याच. थांबावे तर दोघी मरतात, चालू ठेवावे तर चौघी मरतात. मधोमध थांबणारे यंत्र दोहोंचे थोडेथोडे नुकसान करते.

तिसरी अवस्था त्याहून वाईट. दुर्बल झालेल्या दोघी एखाद्या दिवशी वाटेतच पूर्ण रिकाम्या होतात. परंतु इतर चौघींत जोर असल्याने त्या आपला प्रवाह त्यांच्यातून ढकलीत राहतात व रिकामे घट उलट दिशेने भरू लागतात. ह्यानंतर त्या पेट्यांची आशा नसते. मालक मग दोन नव्या पेट्या आणतो, पण जुन्या चौघींची शक्ती एव्हाना उतरलेली असते. नव्या-जुन्यांची माला पुन्हा विषमच होते. म्हणून जाणते कारागीर सहाही बदलण्याचा सल्ला देतात. दोन पेट्यांवर लावलेल्या दिव्याची किंमत अखेर सहा पेट्यांत फेडावी लागते.

१९९० नंतरच्या काही गाड्यांत ऋण टोकाच्या मुख्य तारेतून किती वीज गेली व किती परत आली, याची मोजदाद ठेवणारे यंत्र बसविलेले होते. मधल्या पेट्यांवरून घेतलेली वीज ह्या मोजदादीत येतच नसे. यंत्र आपल्या हिशोबाप्रमाणे भरपाई करून थांबे, आणि त्याचा हिशोब चुकीचा असे.

६. उपायांची परंपरा

ह्या दोषावर जे उपाय योजले गेले, त्यांचे चार वर्ग पडतात.

पहिला, आळीपाळीचा. सहा पेट्यांच्या तीन जोड्या पाडून आज ह्या जोडीवर, पुढल्या आठवड्यात त्या जोडीवर भार टाकावयाचा. किंवा पेट्यांच्या जागाच अधूनमधून बदलावयाच्या. यात झीज वाटली जाते, पण कोणत्याही एका दिवशी विषमता असतेच. एकाच वेळी निरनिराळ्या जोड्यांवर निरनिराळी उपकरणे लावणे तर धोक्याचे. कारण त्यांची ऋण टोके मालेत वेगवेगळ्या उंचीवर असतात, आणि दोन उपकरणांच्या धातूच्या पेट्या गाडीच्या सांगाड्यातून जोडल्या गेल्या की मधल्या बॅटऱ्यांचा थेट संक्षेप होतो.

दुसरा, रोधाचा. पूर्ण ३६ व्होल्ट घेऊन २४ व्होल्ट रोधात जिरवावयाचे. सहाही पेट्यांवर सारखा भार पडतो. परंतु दिव्यांच्या १२० वॉटसाठी २४० वॉट उष्णतेत जातात, व सहाही पेट्या ५३ टक्के रिकाम्या होतात. समता साधते, पण ती सर्वांना सारखेच दरिद्री करून. १२ व्होल्टचे तीन सारखे दिवे एकसर जोडणे हा याच वर्गातील निर्दोष प्रकार. मात्र मखराच्या माळेचा नियम तेथेही लागू आहे, आणि रेडिओचे काम त्याने होत नाही.

तिसरा, विभक्तीचा. उपकरणांसाठी १२ व्होल्टची लहान बॅटरी वेगळी ठेवावयाची व तिचे प्रभारण स्वतंत्र करावयाचे. मुख्य मालेस धक्का लागत नाही. वजन, जागा व एक अधिक वस्तू सांभाळण्याची जबाबदारी मात्र वाढते.

चौथा, परिवर्तकाचा. संपूर्ण मालेतून ३६ व्होल्ट घेऊन त्यांचे १२ व्होल्ट करणारे यंत्र बसवावयाचे. त्याची कार्यक्षमता ९० टक्के धरल्यास १२० वॉटसाठी मालेतून १३३ वॉट, म्हणजे सुमारे ३.७ अँपिअर लागतात. तीन तासांत प्रत्येक पेटीतून ११ अँपिअर-तास. सहाही पेट्या ४५ टक्क्यांवर सारख्या थांबतात. एकूण ऊर्जा पाहिली तर दोन पेट्यांच्या उपायात ३६० वॉट-तास लागतात व ह्या उपायात ४००. म्हणजे समतेची किंमत एका संध्याकाळी ४० वॉट-तास आहे. आधीच्या विभागातील १२० ग्रॅम पाणी व मेलेल्या पेट्या यांच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहावा.

मग हा उपाय आरंभापासूनच का स्वीकारला गेला नाही? याचे उत्तर तंत्राच्या इतिहासात आहे. एकदिश प्रवाहाचा दाब बदलण्यासाठी १९५१ मध्ये एक तर फिरते यंत्र लागे, किंवा १९३० नंतरच्या मोटार-रेडिओत असे तसे कंप पावणारे यांत्रिक खटके. पहिले जड व महाग. दुसरे लहान भारापुरते व झिजणारे. ट्रान्झिस्टर १९४७ मध्ये निघाला, १९५० नंतरच्या दशकात ट्रान्झिस्टरी परिवर्तकाच्या रचना पुढे आल्या, आणि १९७० नंतरच्या दशकात शक्तिवाहक मॉसफेट आल्यावर हे यंत्र मुठीत मावणारे, स्वस्त व भरवशाचे होण्याचा मार्ग मोकळा झाला. म्हणजे आरंभीच्या काळात दोन पेट्यांवरून वीज घेणे हे अज्ञानाचे नव्हे, तर अभावाचे लक्षण होते. अलीकडे दिवेही अल्पभारी झाले आहेत. त्यामुळे दोष लहान झाला, परंतु नाहीसा झाला नाही, कारण रोजचा लहान फरकही साठत जातो.

७. शब्द किती दोषी?

येथे आपण मूळ मुद्द्यावर येतो. स्वस्त परिवर्तक मिळू लागल्यावरही दोन पेट्यांवरून वीज घेण्याची रीत टिकून राहिली. तिचे एक कारण उघड आहे : तार फुकट, यंत्रास पैसे. दुसरे कारण शब्दाशी निगडित आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ज्याच्या मनात गाडीत 'सहा बॅटऱ्या' आहेत, त्याला त्यांतील दोन दिव्यांना देणे म्हणजे सहा भाकरींतील दोन बाजूला काढण्यासारखे वाटते. उरलेल्या चार जशाच्या तशा राहतील, असा त्याचा समज होतो. ज्याच्या मनात गाडीत 'एक घटमाला' आहे, त्याला तेच कृत्य माळेचे दोन मणी ओढण्यासारखे दिसते. कृती एकच, नाव बदलले की तिचे परिणाम दिसू लागतात किंवा दिसेनासे होतात.

ह्यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो वजनदार आहे. वीजकेंद्रातील अभियंत्यांपाशी सेल व बॅटरी हा भेद स्पष्ट होता, तरी टोकाच्या घटांची अडचण त्यांनाही आलीच. ट्रकवाल्यास दोन पेट्या एकसर आहेत हे पक्के ठाऊक असते, तरी तो रेडिओ एकीवर लावतो. तेव्हा दोष शब्दाचा नसून सोयीचा आहे, असे कोणी म्हणेल. ते बहुतांशी खरे आहे. शब्दाने ही चूक जन्मास घातली, असे प्रस्तुत लेखक म्हणत नाही. शब्दाने ती चूक झाकली, इतकेच त्याचे म्हणणे आहे. वीजकेंद्रातील माणसाला विषमता दिसत होती, म्हणून तो खटका फिरवीत बसला. गाडीच्या मालकास ती दिसत नाही. तो म्हणतो, 'दोन बॅटऱ्या खराब निघाल्या'. 'निघाल्या' ह्या क्रियापदात दोष वस्तूच्या जन्माकडे जातो, तिच्या वापराकडे नव्हे. नव्या दोन पेट्यांवर तो पुन्हा त्याच तारा जोडतो.

लिथियमच्या घटांनी हा प्रश्न एका वेगळ्या मार्गाने सोडविला आहे. सोनी कंपनीने लिथियम-आयन घट १९९१ मध्ये बाजारात आणले, व पुढे गोल्फगाड्यांतही ह्या कुळातील घटांचा शिरकाव झाला. ह्या घटांना अतिप्रभारण मुळीच सोसत नाही. शिसे-अम्लाच्या मालेत मागे राहिलेल्यांना गाठण्यासाठी बाकीच्यांचे थोडे पाणी उडवून देता येते, तशी मुभा येथे नाही. म्हणून मालेतील प्रत्येक घटावर लक्ष ठेवून तोल राखणारे यंत्र त्यांच्यासोबत असावेच लागते. सारे घट एका बंद पेटीत असतात व बाहेर दोनच टोके येतात. मधली तार काढण्याची सोयच राहिलेली नाही. उपकरणांसाठी परिवर्तक लावणे येथे ओघानेच आले. गंमत अशी की, ह्या पेटीसही लोक 'बॅटरी' असेच म्हणतात, आणि आता ते पुन्हा अचूक झाले आहे : अनेक अवयव, एकच अवयवी, फ्रँकलिनच्या अकरा तावदानांप्रमाणे.

८. समारोप

वरील विवेचनातून निष्पन्न होते ते असे. एकसर जोडलेल्या मालेतून लहान गरज भागवावयाची असता ती मालेच्या एका भागातून न भागविता संपूर्ण मालेतून भागवावी, हे तत्त्व १८८२ च्या सुमारासच ज्ञात झाले होते. गोल्फगाडीत ते दुर्लक्षिले जाण्याची कारणे तीन : गाडीच्या मूळ रचनेत दिव्यांना स्थान नव्हते, सहा आणि बारा ह्या आकड्यांचा योगायोग मोहक ठरला, व दाब बदलण्याचे स्वस्त साधन उशिरा आले. ही तीनही कारणे दूर झाल्यावर जी रीत उरली, तिला 'बॅटरी' ह्या शब्दाच्या दुहेरी अर्थाचा आधार आहे.

शास्त्रीय परिभाषा घडविणाऱ्यांना यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. 'घटमाला' हा शब्द पाठ्यपुस्तकात बोजड वाटतो व विद्यार्थी तो परीक्षेपुरताच लक्षात ठेवतात. 'बॅटरी' हा शब्द मराठीतून घालविण्याचा खटाटोप करावा, असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही. तो आता आपला झालेला आहे. परंतु एखाद्या कारागिराने गाडीची आसने उचलून आतल्या सहा पेट्या दाखविल्या आणि 'ही एकच माळ आहे, हिच्यातले दोन मणी ओढू नका' असे सांगितले, तर ऐकणाऱ्यास कारण निराळे समजावून द्यावे लागणार नाही.